बास न लागण्याचे महिने

२ डिसेंबर २०२४

आज निशिकांत दहा मिनिटं बोलला! माझ्याशी नाही, चंद्रशेखरशी. पण बोलला.

चंद्रशेखर माझा धाकटा दीर, रेवदंड्याला असतो. त्याने फोनवर रड लावली होती की थंडी पडायला लागली, खाडीत जिताडा मिळेनासा झाला. निशिकांत म्हणाला, ही तर सुरुवात आहे, पौषात बघ, पाणी गार झालं की जिताडा तोंडच उघडत नाही. मग दोघांची जुंपली – पौष वाईट की माघ वाईट. मी ओट्याशी नळ बंद करून उभी राहिले. त्याचा आवाज इतका वेळ सलग ऐकून किती दिवस झाले होते!

ऑक्टोबरपासून तो घरात आहे. बोटीच्या इंजिन रूमला आग लागली, हा तिथला चीफ इंजिनिअर. हाताला भाजलेलं बरं झालं. कंपनीची चौकशी चालू आहे, तोवर इथे परदेशात, बिशानच्या या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून राहतो. काय झालं म्हणून विचारलं की म्हणतो, सगळं रिपोर्टमध्ये लिहिलंय. मी पुन्हा विचारत नाही.


३ डिसेंबर

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मासे शोधत बसले. बँकेतल्या कंप्लायन्सच्या बाईला हे शोभतं का, माहीत नाही. जिताडा म्हणजे इंग्रजीत सीबास. आणि नुसत्या बास नावाचे मासे तर जगभर. कुणी तळ्यातला, कुणी समुद्रातला, एकमेकांचे नातेवाईकही नाहीत म्हणे.

संध्याकाळी चहा देताना सहज विचारलं, "मिशिगनमध्ये बास पकडायला सगळ्यात वाईट काळ कुठला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. म्हणाला, उद्या सांगतो.

टाळलं. दुसरं काय.


५ डिसेंबर

नाही, टाळलं नव्हतं! आज आपणहून सुरू झाला. जानेवारी-फेब्रुवारी. तळी गोठतात. बास खाली खोल जाऊन पडून राहतो, दिवसच्या दिवस खात नाही. काही ठिकाणी तर त्या काळात तो धरायला कायद्यानेच बंदी. लोक बर्फाला भोक पाडून दुसरे मासे धरतात, बास चुकून लागला तर लागला.

"मेलेला नसतो," म्हणाला. "फक्त हलत नाही. नाकासमोर काही नेलं, अगदी सावकाश, तर कधीतरी तोंड उघडतो."

मला वाटलं, स्वतःबद्दलच बोलतोय. पण पोळी एक जास्त खाल्ली त्याने.


८ डिसेंबर

रविवार. लोअर पीअर्सच्या तलावावर गेलो, दोघंच. कल्पना माझी. मी म्हटलं, इथे पिकॉक बास मिळतो, दाखव तरी. इरा आली नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला सुट्टीत आईबापांबरोबर मासे धरायला जायचं नसतं, तिने ते मान हलवूनच सांगितलं.

इथे जिवंत आमिष चालत नाही. प्लास्टिकची मासोळी गळाला लावून फेकायची आणि ओढत आणायची. निशिकांतने शंभरदा फेकली असेल. काही नाही. शेजारी एक चिनी अंकल छत्री घेऊन उभे होते. म्हणाले, पावसाळी वारे सुरू झाले, आता जानेवारी संपेपर्यंत विसरा. पाणी गार होतं, गढूळ होतं, पिकॉक बास नजरेने शिकार करणारा, त्याला दिसतच नाही. "वर्स्ट मंथ, लाह," असं इथल्या खास इंग्रजीत म्हणाले आणि स्वतः तिथेच उभे राहिले.

एका माकडाने माझी ब्रेडची पिशवी पळवली. निशिकांत हसला. मोठ्याने नाही, पण खांदे हलले.


१४ डिसेंबर

टेक्सस – ऑगस्ट. पाणी इतकं तापतं की बास दिवसभर खोलात दडी मारतो. पहाटे गेलात तर गेलात.

ह्याला हे सगळं कसं माहीत? आयुष्य समुद्रावर काढलं, बंदराबंदरातून ऐकलं असेल.


२२ डिसेंबर

पुण्याहून दादाचा फोन. आईचं कपाट कधी रिकामं करायचं, तू येशील का. म्हटलं, बघते, ऑफिसात वर्षअखेर आहे. आई ऑगस्टमध्ये गेली. निशिकांत तेव्हा समुद्रावर होता, मी एकटी जाऊन आले. असो.

आज जपान विचारलं. उत्तर उद्या मिळेल. आता पद्धतच झाली आहे. मी एका दिवशी विचारते, तो दुसऱ्या दिवशी सांगतो. मध्ये विचार करत असावा. करू दे. डोक्याला ते काम असलेलं बरं. इरा कानातला इअरफोन काढून म्हणाली, "व्हाय सो मेनी फिश?" मी तिला डोळ्यांनी दटावलं.


२३ डिसेंबर

जपान – फेब्रुवारी. मिळत नाही, पण मिळाला तर चांगला मोठा मिळतो.


३१ डिसेंबर

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला जून-जुलै. तिथे आपलाच जिताडा, नाव बारामंडी. त्यांची थंडी उलट्या महिन्यांत. आम्ही दोघं यावर अर्धा तास बोललो. नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत मी झोपले. शांत झोप लागली.


११ जानेवारी

काल दुपारपासून पाऊस थांबलेला नाही. समोरचा ब्लॉक दिसत नाही. तलावावर जायचं रद्द.

दुपारी तिघं घरात. इरा तिच्या खोलीत. मी शेंगा सोलत होते. आज देश सुचेना, म्हणून म्हटलं, "तू सगळ्यात जास्त वाट कुठे बघितलीस?"

मला माशाची वाट म्हणायचं होतं. खरंच. त्याने परातीतली एक शेंग उचलून सोलली. मग म्हणाला, इंजिन रूमच्या दाराशी.

आणि सगळं सांगितलं. आग आटोक्यात येईना, तेव्हा सगळ्यांना बाहेर काढून दारं बंद करायची आणि आत गॅस सोडायचा, असा नियम. गॅसने आग विझते. आत माणूस राहिला तर तोही. बाहेर डोकी मोजली, एक कमी. सेकंड इंजिनिअर तन्मय. साताऱ्याचा, दोन मुली आहेत त्याला. कॅप्टन वरून रेडिओवर सांगत होता, गॅस सोड. आग कंट्रोल रूमपर्यंत पोचत होती. निशिकांतचा हात गॅस सोडायच्या दांड्यावर.

"मी सोडला नाही," म्हणाला. "कॅप्टन पुन्हा ओरडला. तरी नाही सोडला. बाकीची माणसं पण बोटीवरच होती, सुलेखा. आग पसरली असती तर ती सगळी गेली असती. ते मला कळत होतं. तरी हात हलेना."

मग आणीबाणीच्या शिडीचं झाकण वर झालं आणि तन्मय बाहेर आला. हात भाजलेले, पण चालत. त्यानंतर गॅस. आग विझली. तोवर कंट्रोल रूम जळून गेली होती, बोट ओढत न्यावी लागली. कंपनीचा प्रश्न एवढाच आहे – हुकूम मिळाल्यावर थांबलास का?

मी विचारलं, तू काय उत्तर दिलंस?

"माणूस आत होता, हेच. पण रोज वाटतं, तो आला म्हणून मी बरोबर. नसता आला तर?"

मी शेंगांची परात बाजूला ठेवली आणि त्याचा हात धरला. नवी कातडी गुलाबी आहे अजून. तो म्हणाला, चहा कर. मी चहा केला. आलं जास्त पडलं, दोघांनी प्यायला.


१२ जानेवारी

तो दहा वाजेपर्यंत झोपला. पाऊस चालूच. मला फार हलकं वाटतंय.


१७ जानेवारी

मेल आला! मी ऑफिसात होते, त्याचा फोन. नुसतं म्हणाला, "झालं." काय झालं? तर म्हणे, सुटलो.

चौकशीत निघालं की तेलाची नळी फुटली, तिच्यात आधीपासूनच दोष होता. आणि गॅस सोडायला थांबणं योग्य ठरलं. माणसं पूर्ण मोजून झाल्याशिवाय सोडायचाच नाही, असंच नियमात आहे. कॅप्टनला ते सांगण्यात आलंय. निशिकांतवर कसलाही ठपका नाही.

मी रॅफल्स प्लेसच्या स्टेशनात भिंतीला टेकून उभी राहिले. एका बाईने विचारलं, आर यू ओके? मी ओके म्हटलं आणि रडायला लागले. तिने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून दिलं आणि निघून गेली.

घरी आले तर त्याने भात लावला होता, वरण जरा लागलं होतं. इराने त्याला मिठी मारली, जी ती आजकाल कुणालाच मारत नाही. तिघांनी लागलेलं वरण खाल्लं. दादाचे दोन फोन येऊन गेलेले दिसले. उद्या करते.


१९ जानेवारी

तन्मयचा व्हिडिओ कॉल. त्याला आपणहून फोन करायची निशिकांतची इतके दिवस छाती झाली नव्हती. मला ते आज कळलं. तन्मयने हात दाखवले. बोटं वळतात. धाकट्या मुलीची वेणी घालून दाखवली, वाकडी आली, ती चिडली. मग तो म्हणाला, "सर, मी शिडीत होतो तेव्हा मला एकच भीती होती की गॅस सुटेल. आणि मग वाटलं, बाहेर निशिकांत सर आहेत, नाही सुटणार."

निशिकांतने फोन माझ्या हातात दिला आणि बाल्कनीत गेला. मी तन्मयच्या बायकोशी बोलत राहिले, काय बोलले आठवत नाही.

बाल्कनीतून परत आला तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा मात्र पूर्वीचा. लग्नाच्या वेळचा म्हणावा तसा.

कंपनी एप्रिलमध्ये ये म्हणतेय. तो म्हणतो, बघू.


२ फेब्रुवारी

चिनी नव्या वर्षाच्या सुट्ट्या संपत आल्या. ऑफिसातून मिळालेली संत्री घेऊन तलावावर गेलो. पाणी निवळलंय. अंकल होतेच. त्यांना दोन संत्री दिली, त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

आणि लागला! निशिकांतला नाही, मला! मी नुसती त्याची काठी धरून उभी होते, तो बुटाची नाडी बांधत होता. असा हिसका बसला की मी काठी सोडणारच होते. तो मागून नुसता सांगत राहिला – ओढू नको, जाऊ दे त्याला, आता गुंडाळ. काठीला हात लावला नाही त्याने. वर आला तेव्हा हिरवा-पिवळा, हाताएवढा, अंगावर काळे पट्टे, शेपटीपाशी मोठा डोळा काढल्यासारखा ठिपका. अंकलनी टाळ्या वाजवल्या.

परत सोडला. पाण्यात क्षणभर तसाच राहिला, मग गेला. मी हसत होते आणि निशिकांत माशाकडे नाही, माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "किती दिवसांनी."

मी म्हटलं, हो ना, दोन महिने झाले काही लागलं नव्हतं.

तो काठी आवरायला लागला.

संपलं एकदाचं हे सगळं. माझा माणूस परत आला. माशांनी आणला. कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला माहीत आहे मी काय केलं ते. स्वतःवरच खूश आहे आज.


९ फेब्रुवारी

निशिकांत खाली भाजी आणायला गेला होता. इराला गंमत म्हणून सांगितलं की बाबाला बोलतं करायला मी कशी माशांची युक्ती काढली. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या त्या अर्ध्या इंग्रजीत म्हणाली, "बट मम्मा, पपा तर तुझ्यासाठी करत होता. त्याला मिशिगन-बिशिगन काही माहीत नव्हतं. आय हेल्प हिम गूगल, रोज. ही सेड, आजी गेल्यापासून मम्मा काहीच विचारत नाही, बोलत नाही, ओन्ली फिश विचारते. सो आन्सर मस्ट बी गुड, लाह."

मी तिथेच बसले.

तो आला. पिशवी ओट्यावर ठेवली, चहाला गॅस लावला, कांदे काढले, विचारलं, आज कुठला देश? मी म्हटलं, आज देश नाही. आज आईबद्दल बोलायचंय.

त्याने गॅस बंद केला आणि समोर येऊन बसला.