संत वार्वाराचं पीस

प्रिय इलारियनदादा,

पत्राची सुरुवात ‘प्रिय’ने करायची असं आईने आपल्याला शिकवलं, म्हणून तो शब्द वर आहे. त्यातून जास्त अर्थ काढू नकोस.

शनिवारी सकाळी मी आईची कबर उघडली. गवतावर अजून दव होतं. पाद्रीबाबा होते, सावेतामावशी होती आणि मी. सात वर्षं झाली की अस्थी बाहेर काढायच्या, लाल वाइनने धुवायच्या आणि नव्या पांढऱ्या कापडात बांधून पुन्हा मातीला द्यायच्या, हे बुखारेस्टला राहून तू विसरला नसशील. तरी मी फोन केला होता. तुला येता आलं नाही. मावशीने आईची कवटी मांडीवर घेतली, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तशी धुतली आणि म्हणाली, “वार्वारा, थोरल्याला वेळ नाही गं. बरंय, आता तू त्याच्यासाठी ताट झाकून बसणार नाहीस.” पाद्रीबाबा खोकल्यासारखं करून दुसरीकडे बघू लागले.

मग पीस ठेवायची वेळ आली. आपल्या गावात जन्मलेल्या प्रत्येकाचं एक पीस असतं. हंसाने आपण होऊन टाकलेलं, तळ्याकाठच्या गवतातून वेचलेलं, त्यावर नावाचा संत रंगवलेला. ते पाळण्यावर लटकतं, दात येताना मूल त्याचा देठ चावतं आणि मेल्यावर तेच हातात देतात, म्हणजे शेवटच्या दिवशी तो संत आपल्या माणसाला ओळखून नावाने हाक मारतो. मी आयुष्यभर हीच पिसं रंगवत आलो. चेहरा काढताना श्वास रोखायचा, मनात प्रार्थना म्हणायची, श्वास सोडायचा. आजोबांनी तुलाही शिकवायला घेतलं होतं. तू म्हणालास, मान दुखते.

आईच्या अंत्यविधीला पीस तिच्या हातात द्यायचा मान थोरला म्हणून तुझा होता. तू शवपेटीत हात घातलास आणि मिटलेली मूठ तशीच बाहेर काढलीस. मी पाहिलं होतं. दुःखाने वळली असेल, असं मला वाटलं. पुढे मावशीची रुक्सांद्रा तुझ्या घरी आली, तेव्हा आईची संत वार्वारा तिला तुझ्या सोफ्याच्या वर काचेत दिसली. मी फोनवर विचारलं तर तू म्हणालास, “अरे, आजोबांचं असलं काम किड्यांना खायला घालायचं? तुम्ही गावातली माणसं अडाणीच राहणार.” आणि पाहुण्यांना सांगतोस म्हणे, ही कला आमच्या रक्तातच आहे.

तरी मी तुझ्या विनवण्या केल्या. आईला एकदा तिच्या संताविना पुरलं, पुन्हा तसं पुरायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं. “पाठवतो बाबा, डोकं नको खाऊस,” तू म्हणालास. शुक्रवारी पार्सल आलं. मी ते उघडलं नाही. भावाच्या पार्सलवर संशय घेणं मला पाप वाटलं.

कबरीच्या काठावर उघडलं. तोच लाल झगा, तोच बुरूज, तेच सोनेरी वलय. काम सुबक आहे, कुणाकडून करून घेतलंस? पण देठ गुळगुळीत होता. आईच्या पिसाच्या देठावरच्या तिच्या दातांच्या खाचांवरून आपण दोघं लहानपणी नख फिरवायचो, करकर आवाज यायचा म्हणून. ते तू कसं विसरलास? मावशीने पीस हातात घेतलं आणि म्हणाली, “हे तर टर्कीचं! आणि दात कुठायत? आमच्या वार्वाराला जन्मतःच कवळी होती का रे?” या वेळी कुणी हसू लपवलं नाही, कारण कुणाला हसू आलंच नाही.

एका माणसाचं पीस दोनदा रंगवत नाहीत. अस्थी उघड्यावर पडल्या होत्या, ऊन चढत होतं. रिवाजाप्रमाणे घरातल्या जिवंत माणसांची पिसंही मी आशीर्वादासाठी आणली होती, माझं आणि तुझं. तुझं तू कधी नेलंच नाहीस, ते आईच्या पेटीत पडून होतं. काळ्या झग्यातला संत इलारियन, देठ खोल चावलेला. तुला दिसेल त्यात दात रुतवायची सवयच होती. मी ते उचललं. पाद्रीबाबा म्हणाले, “गेरासिम, कळतंय ना काय करतोयस?” मी म्हणालो, “कळतंय.” देवाच्या जागेत मी रागाने केलेलं हे पहिलंच काम. त्यासाठी क्षमा मागावी का, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तुझं टर्कीचं पीस सोबत परत पाठवतो आहे. हे पत्र वहिनीलाही वाचून दाखव, कारण तुझी वेळ आली की तुझ्या हातात काय द्यायचं, हे तिला माहीत असायला हवं. तुझं पीस आईच्या छातीवर ठेवून मी कापडाची गाठ मारली आणि वर माती लोटली. शेवटच्या दिवशी तिला इलारियन म्हणून हाक येईल. ती उठेल. तिच्या आजारपणात उशाशी मी असायचो आणि ती मला तुझ्याच नावाने हाका मारायची, ते नाव तिच्या कानाला सवयीचं आहे. भिंतीवरचं पीस आता तुझं. त्या दिवशी कुणी वार्वारा म्हणून हाक मारली, तर ओ दे.

नाइलाजाने तुझाच,
गेरासिम