फुकटचा वजीर

परळी वैजनाथ,
रविवार, २ मार्च २००३

तीर्थस्वरूप आश्रुबामामांना सुलक्षणाचा नमस्कार. ख्यालीखुशाली खाली विचारली आहे. आधी डावाची नोंद देते, म्हणजे पुढे वाद नको. (घरांचे आकडे आपले नेहमीचे: आधी माझ्या डाव्या हाताकडून उभी ओळ, मग माझ्या बाजूने आडवी.)

१. दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही तेलगावहून कार्ड टाकले. मजकूर: "नवा डाव. तू जिंकलीस तर मी डोळा कापून घेतो. मी जिंकलो तर तू चौसाळ्याचं पोरगं बघायचं." मी होकार कळवला. पांढरी मोहरी माझी.

२. पहिली चाल. राजाचे प्यादे दोन घरे. तुमचेही तेच.

३. दुसरी. माझा घोडा ६-३. तुमचे वजिराचे प्यादे एक घर.

४. तिसरी. माझा उंट ३-४. तुमचा उंट ७-४, म्हणजे माझा घोडा हलला तर मागचा वजीर उघडा. हे कार्ड तुम्ही टपालपेटीऐवजी दूध सोसायटीच्या तक्रारपेटीत टाकले. ते मला एकोणीस दिवसांनी, आवक क्रमांक ४१, सचिवांच्या पत्रासह मिळाले: "उंटाबाबत आपली तक्रार प्राप्त झाली. सदर जनावर संस्थेच्या कार्यक्षेत्रात येत नाही."

५. चौथी. माझा दुसरा घोडा ३-३. तुमचे घोड्यापुढचे प्यादे ७-६.

६. पाचवी. माझ्या पहिल्या घोड्याने ५-५ वरचे प्यादे मारले. माझा वजीर उघडा पडला.

७. काल तुमचे कार्ड मिळाले: "उंट ४-१. वजीर मारला." शिक्का तेलगाव, २५ फेब्रुवारी.

आता विचारपूस. मामींचा गुडघा कसा आहे? विहिरीत किती हात पाणी उरले? टँकर दिवसाआड येतो, की येईल त्या दिवशी आला म्हणायचे? माझे इकडे बरे चालले आहे. वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत दिवसातून सहा वेळा पाण्याचा नमुना घेते आणि त्यातला क्षार मोजते. धरणातले पाणी जसे खाली जाते तसा माझ्या वहीतला आकडा वर चढतो, त्यामुळे दुष्काळ मला पेपरात वाचावा लागत नाही, बाटलीत दिसतो. दोरीवरचे कपडे राखेमुळे दोनदा झटकावे लागतात. वजन सत्तेचाळीस किलो (साध्या काट्यावर, उसाच्या नव्हे).

तुमच्या डोळ्यांविषयी विचारले की तुम्ही कार्डात लिहिता, "बघण्यासारखं राह्यलंच काय, समदं वाळलंय." म्हणून विचारत नाही, पाहिले तेवढेच लिहिते. संक्रांतीला मी दारात उभी राहिले तेव्हा तुम्ही मला "या, तलाठीसाहेब" म्हणालात आणि मामींना चहा टाकायला सांगितलात. (मला तोवर त्या घरात कोणी चहा विचारला नव्हता, स्वतः करून घ्यावा लागे. तो मी तलाठी म्हणून प्यायले.) सोसायटीच्या वार्षिक सभेत मावळत्या चेअरमनना घालायचा हार तुम्ही लाउडस्पीकरवाल्याच्या गळ्यात घातलात, आणि लोक हसायला लागल्यावर माइकवर म्हणालात, "मी बराबर माणसाला घातलाय. सालभर सोसायटीत ह्याचंच मशीन तेवढं चाललं." टाळ्या पडल्या हे मान्य. पण हा हजरजबाबीपणा झाला, दृष्टी नव्हे.

खरा प्रश्न सातव्या कलमाचा आहे. तुम्ही वजीर का खाल्लात?

हे मी अशासाठी विचारते की तो खाऊ नये, हे मला तुम्हीच शिकवले आहे, आणि कुठे व कसे ते मला सालासकट आठवते. १९८७ चा उन्हाळा. ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचा हंगाम दीड महिन्यात आटोपला होता. आई-दादा कोयते घेऊन सांगलीकडे गेले होते आणि मी शाळेपायी तुमच्याकडे होते. तुम्ही वजनकाट्यावर कारकून. काटा होता, ड्यूटी होती, गाड्या नव्हत्या. एवढा मोठा लोखंडी काटा, त्याच्यावरून दिवसभरात एखादे कुत्रे चालत जायचे आणि तुम्ही खिडकीतून त्याला म्हणायचात, "रिकामी गाडी, पुढं घ्या." वर्कशॉपही बंद होते, म्हणून शफीचाचांनी लेथवर पितळेच्या तुकड्यांची मोहरी कातली. शेवटच्या हत्तीला पितळ पुरले नाही, तिथे मोठा नट ठेवला. (अजूनही कुठे तसला नट पडलेला दिसला की माझ्या मनात तो सरळ रेषेत चालू लागतो.) पट खडूने टेबलावर आखला होता. दर एक तारखेला तुम्ही मला उसाच्या काट्यावर एकटी उभी करायचात आणि वजनाची पावती लिहून द्यायचात. चार महिने माझे वजन वीस किलो राहिले, आणि मामी तो आकडा ऐकून आपल्या ताटातली भाकरी माझ्या ताटात सरकवायच्या. तो काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवी. मी वाढत होते, त्याला ते कळत नव्हते. हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी उमगले. भाकरी तोवर खाऊन झाली होती.

सुरुवातीच्या चालींचे सगळे कायदे मी त्या केबिनमध्ये शिकले. पुढे पुस्तकात वाचले तेव्हा ते तिथेही तसेच निघाले, फक्त पुस्तकाची भाषा बेचव होती. एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवला की तुम्ही टेबलावर टिचकी मारायचात: "एकच बैलगाडी किती येळा काट्यावर घेशील? बाकीच्या रांगंत उभ्या हायत की!" वजीर लवकर बाहेर काढला की म्हणायचात, "चेअरमनला ऊस तोडाया पाठवलं व्हय? त्याला तोडता येत न्हाई, अन् समदे त्याच्याच मागं लागत्यात." शफीचाचा ग्रीसचे हात पुसत आत डोकवायचे आणि आपले मत देऊन जायचे: "पैले घोडे निकाल, बेटा. वजीर को घर में बैठने दे." अशा केबिनमध्ये, वरचाच डाव, उलट्या बाजूने, मी काळी घेऊन खेळत होते. तुम्ही घोडा उचललात, तुमचा वजीर उघडा पडला. तुम्ही खिडकीबाहेर नसलेल्या गाड्या बघत बसलात. मी दहा वर्षांची होते. मी वजीर खाल्ला. पुढच्या दोन चालींत माझा राजा स्वतःच्याच माणसांत अडकून मेला. मी रडले नाही. (तुम्ही आजवर सगळ्यांना रडले म्हणून सांगता. त्या दिवशी वावटळ होती.) तेव्हा तुम्ही म्हणालात, "फुकाट दिसलं की हात आखडायचा अन् आधी इच्यारायचं, ह्यो कावून देतोय?"

मामी तेव्हा डबा घेऊन आलेल्या असत आणि उंबऱ्यात, पटाला तिरपी पाठ करून, सुपात ज्वारी पाखडत बसत. तुम्हाला त्या आवाजाचा त्रास व्हायचा. "आगं, आवाज बंद कर, डाव चाललाय," असे तुम्ही म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले: "तुमचा डाव चाललाय, अन् माझी ज्वारी बसलीय व्हय?" मग सूप पुन्हा सुरू. तो उन्हाळा मला त्या आवाजासकट आठवतो. पाणी नव्हते, शाळेतली निम्मी मुले नव्हती, आई-दादांचे पत्र यायला महिना लागे, आणि तरी मला विचारले तर मी तेच चार महिने पुन्हा मागेन. हे मी सहसा कोणाला सांगत नाही.

मुद्द्यावर येते. हे शिकवणारा माणूस सोळा वर्षांनी तोच वजीर तसाच खातो, हे मला पटत नाही. पण नियमही तुमचाच आहे. मी पॉलिटेक्निकला गेले तेव्हा फोनवरून खेळू म्हणाले होते, तर तुम्ही म्हणालात, "फोनवरची चाल माघारी घेता येती. कार्डावर सरकारचा शिक्का बसतो." शिक्का बसला आहे. म्हणून माझी सहावी चाल: उंटाने ६-७ वरचे प्यादे मारले, शह. तुमच्या राजाला ५-७ हे एकच घर आहे, तेव्हा टपालाचा एक फेरा वाचवून ती चाल तुमच्या वतीने मीच करते. सातवी: घोडा ३-३ वरून ४-५. मात. (देशी नियमाने राजाला एकदा घोड्याची उडी मिळते, हे तुम्ही काढणार. शह बसल्यावर ती मिळत नाही, हेही तुम्हीच शिकवले आहे.)

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे शिबिर इथेच, परळीत, रविवारी १६ मार्चला. तुम्ही दोघांनी १५ तारखेच्या सकाळच्या एसटीने निघावे. मी स्टँडवर असेन. हात मी करीन. तुम्ही कोणाला करू नये.

जाता जाता, तुमचे अक्षर दिवाळीपासून फार सुधारले आहे. पूर्वी ते काट्याच्या घाईच्या पावतीसारखे असे. आता आधी पट्टीने रेघ मारून अक्षरे तिला एकेक करून टांगलेली दिसतात. या वयात एवढी प्रगती कौतुकास्पद आहे.

तुमची भाची,
सुलक्षणा

ता. क. १ (फक्त मामींसाठी. मामी, पत्र संपले असे मामांना सांगा आणि इथून पुढे मनातल्या मनात वाचा.)

कार्डे तुम्ही लिहिता, हे मला पहिल्या रेघेपासून माहीत आहे. साक्षरता वर्गात तुम्हाला आधी रेघ मारायला शिकवले होते. तुमची पाटी मी पाहिली आहे. मामा सांगतात, तुम्ही लिहिता, आणि मला कळू नये असे दोघांचे ठरले आहे. इथवर ठीक. पण कालचे कार्ड मी खिडकीशी तिरपे धरून पाहिले (नमुना बघायची सवय आहे). एका कार्डावर लिहिले की त्याच्या खालच्या कोऱ्या कार्डावर दाब उमटतो, आणि तुम्ही पेन दाबून धरता. दाबाची अक्षरे अशी: "प्याद्याने घोडा मारला, ५-५." ही मामांनी सांगितलेली चाल, आणि ती बरोबर आहे. तिने त्यांचे एक प्यादे गेले असते आणि डाव उन्हाळाभर चालला असता. ते कार्ड तुम्ही टाकले नाही. खालच्या कार्डावर मामांचा पराभव लिहिलात आणि तो टाकलात.

मामा समजतात की तुम्हाला मोहरी आणि बाहुल्या सारख्याच. मला तसे कधी वाटले नाही. त्या उन्हाळ्यात मी भलत्या मोहऱ्याला हात लावला की सूप थांबायचे. मी हात मागे घेतला की पुन्हा सुरू व्हायचे. पंधरा दिवसांत मी पट बघायचे सोडून सूप ऐकू लागले. मामांवरचे माझे पहिले अकरा विजय तुमचे आहेत, आणि हे मी आजवर लपवले, याबद्दल क्षमा असावी.

चौसाळ्याचे स्थळ तुम्हीच आणले होते, तुमच्या माहेरच्या नात्यातले. डाव मामा जिंकले असते तर ते तुमच्या मनासारखे झाले असते. तुम्ही ते सोडलेत आणि डोळे मागितलेत. माझा पाचव्या चालीचा वजीर त्यापुढे काहीच नाही. मामांची पट्टी सुटली की मला तुमच्याशी खेळायचे आहे. सूप घरी ठेवावे.

ता. क. २ (मामांसाठी)

मामा, मामींना मनातल्या मनात वाचता येत नाही. वर्गात सगळ्या बायका एकसुरात मोठ्याने वाचायला शिकल्या, आणि पुढचा धडा येण्याआधी वर्ग बंद पडला. तुमचे कान अजून उत्तम आहेत. तेव्हा ता. क. १ तुम्ही सगळे ऐकले, असे मी धरून चालते. मामींवर रागवायचे असल्यास त्यांचा चेहरा नीट बघून रागवावे. पट्टी सुटल्यावर ते जमेल.

राहिला न्याय. भेसळ झालेला नमुना मी कामावर स्वीकारत नाही, म्हणून हा विजयही तसाच स्वीकारणार नाही. तुमची खरी चाल तुम्ही स्वतः, स्वतःच्या हाताने, मामींच्या मदतीशिवाय एका कार्डावर लिहा. एकच ओळ, माझा पत्ता, आणि कार्ड टपालपेटीत. ते वाचता आले तर २५ तारखेचे कार्ड रद्द, मात रद्द, शिबिर रद्द, आणि सहाव्या चालीपासून डाव पुढे चालू. तसे कार्ड आले नाही तर १५ तारखेची एसटी.

सवलत फुकट आहे. मी ती कावून देते आहे, हे आधी विचारा.

ता. क. ३

चौसाळ्याच्या मुलाला बुद्धिबळ येते का, एवढे मामींनी विचारून ठेवावे. येत असल्यास वजीर कितव्या चालीला बाहेर काढतो, हेही विचारावे. बाकी काही विचारू नये, आणि मी विचारले असे सांगू नये.

उत्तर सोमवार, १० मार्चपर्यंत पोचावे.