शेवटच्या उडीआधीची शांतता

प्रिय चिमण्या,

तू वाद्यवृंद चालवून केलेली 'महापूर'ची रेकॉर्ड ऐकली. सूनबाईने ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "त्यांनी द्यायला सांगितलेली नाही, मीच आणलीय." मी नाव वाचलं आणि ती पालथी घालून ठेवली. शेवटी काल सकाळी तुझ्या बाबांनीच लावली. पहिल्या ढोलालाच म्हणाले, "शेजारच्यांना वाटेल, आपलं भांड्यांचं कपाट कोसळलं." मग मात्र तेही खुर्ची ओढून बसले.

या बॅलेचं संगीत आपल्या घरात कधी वाजलं नाही. तू विचारलंस की मी म्हणायचे, "संगीत कसलं, गोंगाट आहे तो." खरं कारण तू कुठून तरी ऐकलं असशीलच. पुराला थोपवायला निघालेल्या मुलीचा शेवटचा नाच मी करायचे. आमच्या वाद्यवृंदाला हाताने ताल देणारे कंडक्टर कायम घोड्यावर बसलेले. सुटलेल्या बसमागे धावावं तशा आम्ही सुरांमागे धावायचो. शेवटच्या उडीआधी सगळी वाद्यं थांबतात ना, ती जागा ते गिळूनच टाकत. एका प्रयोगात श्वास न घेताच उडी मारली, गुडघ्यावर आपटले, आणि नाच कायमचा सुटला. लोकांना वाटलं, ती मुलगी अशीच पडायची असते. टाळ्या थांबेनात.

आणि काल तुझं ऐकलं. अरे, हे सगळं त्या गोंगाटात होतं? आमच्या वेळी ढोल डोक्यात पडायचे. तुझे ढोल दाराच्या फटीतून पाणी आत यावं तसे येतात, पाय भिजेपर्यंत कळतच नाही. त्यांच्याखाली एक बासरी कुणाला तरी झोपवत असते. मी तो नाच इतक्यांदा केला, पण ती बासरी मला कधी ऐकू आली नव्हती. आणि मग ती जागा. तू थांबलास. मला वाटलं, रेकॉर्ड बंद पडली. बाबा उठायला लागले, तर मी त्यांचा हात धरला. त्या शांततेत मी पोटभर श्वास घेतला. केस कापताना पाटावर क्षणभर न टिकणारं माझं पोर, इतकं थांबायला कुठे शिकलं रे? मला आनंद झाला म्हणू की भीती वाटली म्हणू, कळेना. अंगावर काटा मात्र आला.

आता मुद्द्याचं. सूनबाईच्या तोंडून निसटलं, की आमच्या जुन्या नाट्यगृहाने 'महापूर' पुन्हा रंगमंचावर आणायला तुला बोलावलं आणि तू नकार दिलास. कारण तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण ऐक. आज मी स्वतः तिथे फोन केला. शेवटचा नाच नव्या मुलीला मीच शिकवणार आहे. उद्या ती येतेय, बाबा सोफा सरकवताहेत आणि कुरकुरताहेत. तुझी रेकॉर्ड लावूनच शिकवीन. ती विचारेल, इथे किती मोजायचं? मी सांगीन, मोजायचं नाही, तो हात उचलेपर्यंत थांबायचं. तेव्हा मला त्रास होईल म्हणून नाही म्हणू नकोस. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. हात उचलायला तूच हवास.

तुझीच,
आई