खोडलेला प्रश्न

५ जानेवारी, सोमवार

तेवीस विद्यार्थी, तेवीस विषय, आणि डोकं एकानंही वापरलेलं नाही. 'राहाता तालुक्यातील पेरूच्या बागा : एक अभ्यास.' 'मोबाईलचे दुष्परिणाम : एक अभ्यास.' 'स्त्री-शिक्षणाचे महत्त्व : एक अभ्यास.' मोबाईलवाल्या करणला विचारलं, यात वाद कुठं आहे?

"सर, वाद कशाला पायजे? सगळ्यांना पटंल असाच विषय घेतलाय."

वा! सगळ्यांना पटेल असं लग्नपत्रिकेवर छापतात. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसलाय हा.

फळ्यावर पुन्हा लिहिलं — प्रश्न असा हवा, की दोन शहाणी माणसं त्यावर भांडली पाहिजेत. सगळ्यांनी तेच वाक्य वहीत उतरवून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

९ जानेवारी

विद्यापीठाच्या स्पर्धेला वीस तारखेपर्यंत आमच्या विभागातून एक तरी निबंध गेला पाहिजे. सलग तीन वर्षं आम्ही काही पाठवलेलं नाही. प्राचार्य जिन्यात गाठतात आणि हसतात. यंदाही रिकाम्या हातानं गेलो तर मार्गदर्शक म्हणून माझी लाज जाणार, या ठोंब्यांची नाही.

१२ जानेवारी

करणनं विषय बदलला. 'मोबाईलचे फायदे : एक अभ्यास.'

१३ जानेवारी, मंगळवार

राजेश्वरी — मागच्या बाकावरची, वर्षभरात तोंड न उघडलेली. तिनं कागद पुढं सरकवला. 'बहिणींनी वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क भावांना सोडून द्यावा का?'

हक्कसोड! आमच्याकडं घराघरात होतं आणि कुणी चकार शब्द काढत नाही. पोरगी कामाची निघाली. पण आत बघतो तर पहिल्या ओळीपासून रडगाणं — अन्याय, अन्याय. म्हटलं, उत्तर आधीच खिशात घालून प्रश्न विचारतेस? मग संशोधन कशाला, मोर्चा काढ. दुसरी बाजू आण. खुशीनं सही केलेली एक बाई आण.

"सर, तशी कुणी भेटंना."

भेटंना म्हणे. चार दारं फिरायचा कंटाळा, दुसरं काय! शेवटी मीच पत्ता दिला. राहीअक्का, माझी थोरली बहीण, कोल्हारला दिलेली. आमच्या अडीच एकरावरची तिची सही मीच घेतली, नऊ वर्षांपूर्वी, रजिस्ट्री ऑफिसात. हूं की चूं केलं नाही. नंतर तिला भारीतली साडी नेसवली, हॉटेलात सगळे जेवलो. अजून दर भाऊबीजेला येते, ओवाळते. याला म्हणतात दुसरी बाजू. ही असली साधी गोष्ट मास्तरानंच शोधून द्यायची तर यांनी करायचं काय?

१६ जानेवारी

राजेश्वरीची प्रश्नावली तपासली. बारा प्रश्न, त्यातले चार भरताड. सातवा तर कहर आहे — 'सही करण्यापूर्वी तुमची इच्छा कुणी विचारली होती का?' अगं बाई, न विचारता सही होते का कुठं? लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि वर्गात मोठ्यानं वाचूनही दाखवला. करणसुद्धा हसला.

१९ जानेवारी, सोमवार

राजेश्वरी कालच कोल्हारला जाऊन आली. आज लिहून झालेला निबंध टेबलावर ठेवला.

"सर, वाचा आणि मगच सही करा."

एवढं बोलून गेली. चेहरा पडलेला. घाबरट आहे. असल्या मुलाखती घ्यायला छाती लागते.

करणचाही निबंध आला. कुठून तरी उतरवलाय, मधली जाहिरातसुद्धा सोडलेली नाही. तोच आधी वाचला. तेवढीच करमणूक.

२० जानेवारी

राजेश्वरीचा निबंध, पान एकोणीस. नाव दिलेलं नाही, नुसतं 'कोल्हार, वय ५८'. मी खोडलेला प्रश्न पोरीनं विचारलाच. खाली अक्काचे शब्द, जसेच्या तसे.

"न्हाई बाई, कुनी न्हाई इचारलं. गाडी दारात आली, चल म्हनला, गेले. तू पयली इचारतीस. इचारलं असतं तर हौसंनं दिली असती गं, माज्या कडेवर वाढलेला हाय त्यो. भावाचं नाव मातर लिहू नको. कालेजात मास्तर हाय, लोक हसतील."

सही केली. निबंध पाठवला. मग अक्काला फोन लावला.

"का रं बापू, बरं हाय ना?"

बरं आहे म्हणालो. आजही विचारलं नाही.