थडग्यांची शिस्त

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. तुझा खोकला थांबला का? वहिनी बरी असेलच (तू तिच्याबद्दल कधी लिहीत नाहीस, म्हणून मीच ठरवून टाकते).

मी मात्र कालपर्यंत बरी नव्हते, संतापाने धुमसत होते. नदीकाठचं जुनं दफनस्थान तुला आठवत असेल. पूल बांधायला आलेली आणि तापाच्या साथीत दगावलेली माणसं तिथे पुरलेली आहेत. ती थडगी जपा, म्हणून मी नगरपालिकेचे उंबरे झिजवले. अखेर नगराध्यक्षांनी गवंडी लावला आणि मी (मूर्खासारखे) त्यांचे आभारही मानले. आठवड्याने जाऊन बघते तर सगळ्या शिळा उपटून भिंतीशी ओळीत उभ्या, कवायतीतल्या पोरांसारख्या उंचीप्रमाणे! म्हणे गवत कापायला सोयीचं. सहा वर्षांची एक मुलगी आणि तिची आई तिथे शेजारी-शेजारी होत्या. आता आईची शिळा उंच म्हणून या टोकाला, लेकीची त्या टोकाला.

जाब विचारला, तर नगराध्यक्ष थंडपणे म्हणाले, "बाई, एकही शिळा हरवलेली नाही. झोपलेल्यांना काय फरक पडतो?"

माझं डोकंच फिरलं. (जन्मभर भूगोल शिकवला मी, नाव आणि जागा यांची फारकत मला सोसत नाही.) दुसऱ्या दिवशी भर दुपारी, त्यांची गल्ली घोरत असताना, मी पेचकस घेऊन गेले, दारादारावरच्या नावाच्या पाट्या काढल्या आणि नगरपालिकेच्या भिंतीशी ओळीत लावल्या. उंचीप्रमाणेच. पोस्टमन नवा होता, त्यामुळे पुढे काय झालं ते सांगायला नको.

संध्याकाळी नगराध्यक्ष लालबुंद होऊन दारात. मी म्हटलं, एकही हरवलेली नाही, मोजून घ्या. ते तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्यामागून काठी टेकत आलेल्या त्यांच्या आईने विचारलं, "मी गेल्यावर मलाही उंचीप्रमाणे लावशील का रे?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी गवंडी परत आला. नशिबाने खड्डे बुजवलेले नव्हते. ज्या शिळेचा पाय ज्या खड्ड्यात चपखल बसेल तिथे ती, असं करत काल आई-लेक पुन्हा शेजारी आल्या. मी तिथेच बसून रडले. वहिनीला सांगू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. पाट्या परत लावताना थोडी अदलाबदल झाली असावी. नगराध्यक्षांच्या दारावर गुरांच्या डॉक्टरांची पाटी आहे आणि सकाळपासून अंगणात दोन म्हशी उभ्या आहेत.

ता. क. दुसरा. फौजदार तुझा वर्गमित्र ना? सोमवारी त्याने मला चौकीवर बोलावलंय, तेव्हा रविवारीच निघून ये. आणि येताना एक चांगला पेचकस आण. माझा पोलिसांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलाय, आणि त्या म्हशी काही हलत नाहीत.