ठरावाआधीची सही

प्रिय सिस्टर अ‍ॅग्नेस,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा मी येऊन फुलं ठेवली आणि नाशिक रोडला परत आले. पत्र लिहावंसं वाटलं नाही. आज लिहिते आहे, कारण उद्या अकरा वाजता मला शिक्षणाधिकाऱ्यांसमोर लेखी जबाब द्यायचा आहे, आणि सकाळपासून चार कागद फाडून झाले. दर वेळी तिसऱ्या ओळीत 'परंतु' येतो. तुमच्या लाल पेन्सिलीची इतकी गरज मला शाळेतसुद्धा कधी पडली नव्हती.

शुक्रवारच्या शेवटच्या तासाला तुम्ही आम्हाला इस्राएलचे राजे शिकवायचात. घरी गेले की वडील विचारायचे, "काय मनू, आज कुठला राजा बिघडला?" कारण तुमचे राजे बिघडायचेच. शौल उंच, देखणा, तो बिघडला. दावीद शूर, गाणारा, तोही बिघडला. शलमोन तर इतका शहाणा, पण म्हातारपणी त्याचंही तेच. मी एकदा विचारलं होतं, "सिस्टर, एकही धड राजा नाही का?" तुम्ही म्हणालात, "एक-दोन आहेत. पण त्यांच्यापासून तुला शिकण्यासारखं फार नाही."

आणि ती नाथानची चिठ्ठी. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचं पाप, आपल्याच शिपायाची बायको बळकावल्याचं, थेट सांगितलं नाही. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी बळकावल्याची गोष्ट सांगितली. दावीद संतापला, त्या श्रीमंताला शिक्षा सांगून बसला, आणि मग नाथान म्हणाला की तो माणूस तूच. तुम्ही त्याची वर्गात पद्धतच पाडलीत. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने वर्गातल्या कुणाची तरी चूक गोष्ट करून सांगायची, नाव न घेता. ऐकणारीने निकाल द्यायचा. मग सांगायचं, ती तूच.

चिठ्ठी एकदा मला आली आणि मी तुमचीच गोष्ट सांगितली, आठवतं? एक बाई आहे, मोटारीतून येणारी मुलगी उशिरा आली तर हसते, टांगेवाल्याची मुलगी उशिरा आली तर तिला व्हरांड्यात उभं करते. तुम्ही निकाल दिलात, "अशा बाईने शिकवू नये." मी म्हटलं, "ती तुम्हीच, सिस्टर." वर्ग गार झाला. तुम्ही पुस्तक मिटलंत, बाहेर गेलात आणि व्हरांड्यातल्या मुलीला हाताला धरून आत आणलंत.

मी बारा वर्षांची होते. मला वाटलं, जग असंच चालतं. गोष्ट सांगावी आणि राजाने विरघळावं. सिस्टर, हे तुम्ही फार चुकीचं शिकवलंत. न विरघळणाऱ्या राजाचं काय करायचं, हे का नाही सांगितलंत?

आमचा राजा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. द्राक्षांच्या बागा आहेत, तीन शाळा आहेत, आवाज आहे. यांच्या शाळेत मी मुख्याध्यापिका होते. निवृत्त झाल्यावर मला कार्यकारिणीवर घेतलं. माझ्यानंतरच्या मुख्याध्यापकांनी या वर्षी नोकरी सोडली. आता पाळी लीलाची. माझ्याच हाताखाली एकोणीस वर्षं गणित शिकवलेली, सर्वांत ज्येष्ठ. घोटीहून रोज येऊन-जाऊन केलेली नोकरी, एक दिवस उशीर नाही. आणि भाऊसाहेबांना ती खुर्ची सुनेसाठी हवी. लीलाविरुद्ध पालकांच्या दोन तक्रारी अचानक उगवल्या. 'मुलांशी वर्तन कठोर.' गणिताची बाई, कठोर नसेल तर काय असेल?

मला हे कळलं तेव्हा ठराव होऊन गेलेला होता. मी संतापून त्यांच्या बंगल्यावर गेले. जाताना बसमध्ये गोष्ट जुळवली. हसू नका.

म्हटलं, "भाऊसाहेब, एक ऐका. एका बागाईतदाराकडे चाळीस एकर द्राक्षं. शेजारणीच्या दारात एकच वेल, तिने ओंजळीने पाणी घालून वाढवलेला. याच्याकडे पाहुणे आले, तर याने मांडवासाठी नेमका तोच वेल उपटून आणला."

"कोण हा?" भाऊसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "निफाडकडचा का? अशाला जोड्याने मारला पाहिजे."

"तुम्हीच, भाऊसाहेब. आणि वेल म्हणजे लीलाची खुर्ची."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चक्क हसले. "बाई, तुम्ही अजून वर्गातच आहात." मग त्यांनी आतून इतिवृत्ताची वही मागवली, पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. लीलाला डावलण्याचा ठराव. उपस्थित सभासदांनी एकमताने मंजूर. खाली सह्या. "ही कुणाची? वाचा की. तुमचं अक्षर तर सगळ्या शाळेत प्रसिद्ध."

सिस्टर, सही माझी होती.

कशी, ते सांगते. आमच्याकडे सभेला आलं की पोहे येण्याआधी वही येते. सगळे कोऱ्या पानाखाली सही करून ठेवतात, ठराव मागाहून लिहितात. लीलाचा विषय त्या दिवशी 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटी आला, आणि मी द्वारका चौकात बस बदलायची म्हणून तोवर निघाले होते. आता खरं ऐका. ही पद्धत भाऊसाहेबांची नाही. मी मुख्याध्यापिका असताना मीच पाडली. लोक लवकर उठून जायचे, सह्या राहायच्या, म्हणून मीच लेखनिकाला सांगितलं, आधी सह्या घेत जा. केवढी सोय झाली होती.

"उद्या सांगाल की कोऱ्या कागदावर सही केली," भाऊसाहेब म्हणाले, "तर तुमच्या वेळचेही सगळे ठराव उकरले जातील. मी तुमच्या भल्याचं बोलतोय."

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. त्यात या ठरावाची शिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी लागली आणि सह्या करणाऱ्यांचे जबाब मागवले गेले. उठते, बसते, भांडी पुन्हा घासते. नाबोथाचा द्राक्षमळा तुम्ही शिकवला होतात. अहाब राजाला तो हवा होता, राणी ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथ दगडांनी मारला गेला. अहाब आणि ईजबेल सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण राणीचं पत्र वाचून सभा भरवणारे त्या गावचे वडीलधारे? त्यांची नावंसुद्धा कुठे लिहिलेली नाहीत. त्यांनी काही बळकावलं नाही. नुसते येऊन बसले आणि घरी गेले. त्यांच्यावर तुम्ही एक तास तरी घ्यायला हवा होता.

काल लीलाकडे गेले. चार ओळींत सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती, तपासतच राहिली.

"मला ठाऊक होतं, बाई," ती म्हणाली. "लेखनिकाने सह्या दाखवल्या होत्या. पंधरा दिवस वाट बघतेय, तुम्ही येताय का."

"मग विचारायला का आली नाहीस?"

"काय विचारू? सही दिसत होती की. आणि खरं सांगू? आम्ही शिक्षक त्या वहीला घाबरतोच. तुमच्या वेळेपासून. तुमच्या कुठल्या ठरावावर आम्हाला कधी बोलता आलं होतं?"

मी चहा न पिता उठले. राग आला होता. घरी येईपर्यंत कळलं, राग तिचा नव्हता.

म्हणून आज शौल आठवतो आहे. लहानपणी तुम्ही विचारायचात, शौलानेही चूक केली, दावीदानेही केली, मग राज्य एकाचंच का गेलं? मी उत्तर पाठ करून द्यायचे, अर्थ कळायचा नाही. शौलही म्हणालाच होता की मी चुकलो. पण पुढे जोडलं, लोकांचा दबाव होता. आणि शेवटी मागणं मागितलं, वडीलजनांसमोर माझा मान तेवढा राखा. माझे फाडलेले चारही कागद शौलाचे आहेत, सिस्टर. रूढ प्रथा, बसची वेळ, सद्हेतू, प्रदीर्घ सेवा. दावीदाने यातलं काही म्हटलं नव्हतं; 'मी पाप केलं', एवढंच.

तर हा शब्द देते. उद्याच्या जबाबात तीन वाक्यं असतील. ठराव मी वाचलेला नाही. सही मी कोऱ्या पानावर केली. ही पद्धत मीच सुरू केली. साहेब विचारतील, का? तर कारण देणार नाही. माझ्या वेळचे ठराव काढायचे म्हणाले, तर पहिली वही कोणत्या कपाटात आहे ते मीच दाखवीन. कार्यकारिणीतून मला काढतील, ते ठीकच आहे. आणि लीलाला खुर्ची मिळाली, तर पहिल्याच सभेत तिने माझे कोणते ठराव रद्द करावेत, हे मी तिला विचारायला जाईन. उभी राहून विचारेन.

तुमची विद्यार्थिनी,
मनोरमा