आला, पण आलासा वाटत नाही

कडेगाव,
रविवार, ता. १६ मार्च १९४७

तीर्थरूप सुलावहिनी यांस अर्जुनाचा साष्टांग नमस्कार.

इकडे आई आणि मी धडधाकट आहोत. तुमच्या आईचा दमा कसा आहे आणि जतकडं पाणी कितपत राहिलंय ते कळवा. तुमची काळी शेळी व्याली. दोन करडं झाली, आणि आई म्हणते त्यातल्या एकाचं तोंड थेट आमच्या हेडमास्तरांसारखं आहे. आता मला शाळेत त्यांच्याकडं बघायची चोरी झाली आहे.

अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढतोय. दादाची पत्रं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची लाज वाटते म्हणून तुम्ही माझ्याकडं अक्षरं शिकलात. हेही पत्र भाऊसोंना वाचायला देऊ नका. तुमचं तुम्ही वाचा, वेळ लागला तरी चालेल.

दिवाळीनंतर तुमचे भाऊसो तुम्हाला माहेरी न्यायला आले आणि कोंडीबाच्या स्थळाचं बोलले, तेव्हा आईनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. माझा धुळा जिता असताना त्याच्या बायकोचा पाट लावायला निघालाय व्हय, म्हणाली. आत्याबाईंचा शब्द मोडून मी काही करणार नाही, असं तुम्ही सांगितलंत आणि त्या बिचाऱ्या कोंडीबाला तसंच ताटकळत ठेवलंत. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी मी लिहिलेल्या पिच्चरचं सांगतो.

पिच्चर गेला. कायमचा गेला. हसायचं असेल तर हसा, गावानं हसून घेतलंच आहे.

तुम्ही होता तोवरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. बर्माच्या लढाईत हरवलेला आपल्याकडचा शिपाई, दादाचं आलं तसंच लष्कराचं 'बेपत्ता' म्हणून पत्र आलेलं, घरची वाट बघतात आणि शेवटी तो येतो. नाव मी वेगळं घातलं होतं, पण पहिल्याच पानाला तुम्ही मान खाली घातलीत. शेवट वाचल्यावर म्हणालात, "भावजी, असं हुईल का वो?" मी म्हणालो, होईल. मास्तरकीचा हा एक वाईट गुण आहे, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

कोल्हापूरच्या सिनेमा कंपनीकडून पहिलं कार्ड आलं त्यात लिहिलं होतं, लेखनात ताकद आहे, मात्र शेवट मनाला भिडत नाही. काय कमी आहे ते नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी कमी आहे. आता ह्याला काय म्हणावं? गावात औषध विकत फिरणारा वैदूसुद्धा असं करत नाही. कुठंतरी दुखतंय एवढं सांगून तो चालता होत नाही, निदान एक मुळी तरी देतो.

मी ते कार्ड खिशात घालून गावभर हिंडलो. हेडमास्तर म्हणाले, भिडत नाही म्हणजे करुणरस कमी, त्याला लंगडा करून आणा. मी त्याचा पाय तोडला. वहिनी, खरंच तोडला आणि कुबड्यांवर वेशीतून चालवत आणला. कंपनीचं उत्तर आलं, सुधारणा दिसते, तरी शेवट अजून भिडत नाही. मग आमचा तात्याबा शिंपी, जो सांगलीला जाऊन एकेक चित्रपट दोनदोनदा बघून येतो, तो म्हणाला, मास्तर, गाणं न्हाई, भिडंल कसं? मी गाणं लिहिलं. बरंही झालं होतं. पाय त्याला परत दिला, कारण कुबड्या घेऊन गाणं म्हणायचं म्हणजे अवघड. तात्याबाला लय आवडलं. कंपनीकडून काहीच आलं नाही.

शेवटी रजा टाकून, सर्व्हिस मोटारीनं मीच कोल्हापूरला गेलो. साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, त्यानं चहा पाजला, वाचलंही होतं मनापासून. मी हात जोडून विचारलं, साहेब, एकदा उघड सांगा, काय कमी आहे? त्यांनी पानं चाळली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "तुमचा नायक येतो, पण आलासा वाटत नाही."

मी म्हणालो, म्हणजे काय? ते म्हणाले, ते तुम्ही शोधायचं, लेखक तुम्ही आहात. आणि कागद माझ्या हातात दिले. कंपनी ही कथा घेणार नाही, पुन्हा पाठवू नका, हे मात्र त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं. तेवढं बरं सांगता आलं.

येताना मोटारीत मी तो शेवट इतक्या वेळा वाचला की शेजारचा म्हातारा म्हणाला, कोर्टाचा निकाल हाय व्हय? मी म्हटलं, हो, विरोधात लागलाय.

घरी आल्यावर आई म्हणाली, एवढं काय त्यात, मलाबी वाचून दाखीव. आजवर तिनं कधी ऐकायला मागितलं नव्हतं. मी टाळू बघत होतो, पण तिनं जातं थांबवलं, हात पुसले आणि भिंतीला टेकून बसली. मी शेवट वाचला. वेशीतून येतो, कुत्री भुंकतात, अंगणात येतो, बायको धावत दाराशी येते, तो उंबरा ओलांडून आत येतो, आणि गाणं.

आई म्हणाली, भाकरतुकडा कुणी ओवाळला?

वहिनी, ते तर माझ्या कागदात नव्हतंच. लांबून आलेल्या माणसाला दारात थांबवून, त्याच्यावरनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय आणि पायावर पाणी घातल्याशिवाय आपण आत घेत नाही. दादा रजेवर आला की हे तुम्हीच करायचा. तो दारातच ओरडायचा, त्यो तुकडा टाकू नगा, मला द्या, सकाळधरनं उपाशी हाय. हे सगळं मी स्वतः बघितलेलं, आणि तीनदा शेवट लिहिला तर तिन्ही वेळा ते माझ्या हातून सुटलं. पाय तोडायचा सुचला, गाणं सुचलं, आणि हे सुचलं नाही.

मला वाटलं, सापडलं. साहेबांना जे सांगता येत नव्हतं ते हेच. मी पेन्सिल काढली आणि म्हणालो, आई, आत्ता घालतो, दोन ओळींचं काम आहे, सुलावहिनी तुकडा ओवाळायच्या तसंच लिहितो. कंपनीनं पुन्हा पाठवू नका म्हटलं होतं, तेही विसरलो. लाज सोडून सांगतो, मला आनंद झाला होता.

आईनं माझा हात धरला. "नगं लिहू," म्हणाली. "न आलेल्या माणसावरनं ओवाळत न्हाईत, अर्जुना."

तीन वर्षं जी बाई रोज सांजेला दाराची कडी घालायच्या आधी रस्त्याकडं नजर टाकते, भाऊसोंना जिनं पाणी विचारलं नाही, ती हे बोलली. रडली नाही. माझा हात सोडून म्हणाली, "सुलाला कळीव. म्हणावं, माझ्याकडनं मोकळी हायेस." मग जात्यावर बसली. पण दळण तसंच सोडून उठली आणि आत जाऊन निजली.

ते सांगायला मला आठवडा लागला. शेळीचं, शिंप्याचं लिहीत बसलो, कारण हे लिहिलं की दादा जातो. मी त्याला तीनदा घरी आणला, वहिनी, तीन तऱ्हांनी आणला, पण आत आल्यावर तो काय बोलेल ते मला एकदाही लिहिता आलं नाही. त्याचा आवाज मला आठवेनासा झाला आहे. आता कुणाला सांगू.

असं हुईल का, तुम्ही विचारलं होतं. होणार नाही.

कोंडीबा सरळ माणूस आहे असं सगळेच म्हणतात. त्याला आणखी थांबवू नका. पाडवा झाला की उरकून घ्या, आम्हाला बोलावू नका, आईला ते सोसायचं नाही. आपल्यात पाट लागताना पहिल्या घरचं डोरलं पहिल्या घरी येतं, ते भाऊसोंच्या हातानं पाठवा. ह्या वेळेस त्यांना पाणी विचारू, जेवायलाही घालू. कागद मी चुलीत घातले. नवीन काही लिहायचं नाही.

तुम्ही दुसऱ्या घरच्या झालात की तुम्हाला काय म्हणून हाक मारायची ते मला कळत नाही, आणि विचारायचं तरी कुणाला? म्हणून जे नातं हातात आहे तेवढ्यानंच, शेवटची सही करतो.

तुमचा धाकटा दीर,
अर्जुन